फुलवंता टोळीबरोबर गेली

पाड्याचा ढोल माझ्याकडे असतो. माझ्या बापाकडे होता, त्याच्याआधी त्याच्या बापाकडे. आमच्यात माणूस मेलं की मी ढोल वाजवतो, आणि ढोल वाजला की माणूस मेलं असं धरतात. श्वास कधी थांबला, डॉक्टर काय म्हणाला, हे नंतरचं. मरणाची चाल वाजली की पाच दिवस पाड्यात कोणी कोयता, कुऱ्हाड, नांगर हातात धरायचा नाही. शिवेच्या आत असलेल्याने बाहेर जायचं नाही आणि बाहेर असलेल्याने, कितीही लांब असला तरी, परत यायचं. पाचव्या दिवशी पुजारा सगळ्यांवर पाणी शिंपडतो, मग कामं सुरू होतात.

दुसरा नियम दिवाळीचा. आमची दिवाळी कॅलेंडरात नसते. प्रत्येक पाड्याची वेगळी, पुजारा ठरवेल त्या दिवशी. त्या दिवशी वाघदेवाला कोंबडा देतात, गुरांची शिंगं गेरूने रंगवतात, ढोलावर नाचतात. ती झाल्याशिवाय कोणी ऊसतोडीला गुजरातेत जात नाही. आणि सुतकात दिवाळी होत नाही.

या दोन नियमांची गाठ माझ्या जन्मात एकदाच पडली. त्या वर्षी पुजाऱ्याची बायकोच मरायला टेकली होती.

पुजारा म्हणजे रेवजीदादा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्याची बायको फुलवंताबाई मणिबेलीची. मणिबेली धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तिचा भाऊ भिला याला खाली सपाटीवर, तळोद्याकडच्या वसाहतीत जमीन मिळाली. तो वर्षातून एकदा, होळीला, बहिणीसाठी लुगडं घेऊन वर यायचा. आमच्यात बाई मेली की तिचा भाऊ आल्याशिवाय उचलत नाहीत. तो विचारतो, शेवटचं पाणी कोणी पाजलं, आजारी होती तर कुठे कुठे नेलं. त्याचं समाधान झालं की तो म्हणतो, उचला.

रेवजीदादाचा मुलगा जालमसिंग. तो टोळीचा मुकादम. बारडोलीच्या अंगाला ऊस तोडायला आमच्या पाड्याचे बावीस कोयते तो न्यायचा. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावर ट्रकपर्यंत नेते. एकट्याला कोणी विचारत नाही. त्या बावीसात माझा मुलगा दिनेश आणि सून आशा होते. पाड्यात मका आणि ज्वारी पिकते, ती माघापर्यंत पुरते. पुढचं सगळं उसावर.

फुलवंताभाभीचं पोट दसऱ्यानंतर फुगायला लागलं. दवाखान्यात नेऊन आणलं. तिथे सांगितलं की लिव्हर गेलंय, घरी न्या, खाईल ते द्या. जालमसिंगने तिला पाठीवर घेऊन शेवटचा चढ चढला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की तो आईवर माया नसलेला मुलगा होता.

तिला आणल्यापासून पाडा तिला बघायला जायला लागला. रोज सकाळी कोणी ना कोणी दाराशी. कोणी अंडं आणायचं, कोणी कुळथाचं पाणी. बायका तिचे पाय दाबायच्या आणि दाबता दाबता नखांचा रंग बघायच्या. बाहेर आल्या की बाकीचे विचारायचे, कसं काय? आणि त्या बोटं दाखवायच्या. चार दिवस. तीन दिवस.

भाभीला सगळं कळत होतं. तिची जीभ शेवटपर्यंत चांगली चालली.

"कारभारी," ती मगनला म्हणाली, "रोज येतोस. मला बघायला येतोस की दिवाळी बघायला?"

मगन पाड्याचा कारभारी, साठीच्या पुढचा, भिडस्त माणूस. तो म्हणाला, "भाभी, तू बरी हो म्हणून येतो."

"बरी नाही होत मी. तेवढं टिकून राहा म्हण ना सरळ. लाजतोस काय."

मगन हसला. आम्ही सगळेच हसलो.

जालमसिंगला पडावाकडून, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरून, फोन आला होता. टोळी गुरुवारपर्यंत पोचली तर ठीक, नाहीतर डांगातली टोळी आमच्या जागेवर बसेल. आमच्याकडे रेंज फक्त टेकडीवरच्या सालईच्या झाडाखाली येते. तो तिथून धावत खाली आला आणि बापाला म्हणाला, "आबा, बुधवारी दिवाळी धर."

रेवजीदादा म्हणाला, "पुढच्या सोमवारची धरलीय. चांद बघून धरलीय."

"चांद सगळ्यांना तोच दिसतो. पलीकडच्या पाड्याने उरकली पण."

"त्यांचा पुजारा दारू पिऊन धरतो."

"पण त्यांची टोळी गेली ना?" जालमसिंग म्हणाला. "आबा, याहाचं आज आहे, उद्या नाही. सोमवारपर्यंत तिने धरलं नाही तर? पाच दिवस सुतक, मग दिवाळी, मग ट्रक. तोपर्यंत कोण थांबणार आमच्यासाठी? बावीस घरं काय खातील?"

याहा म्हणजे आई. ती तिथेच बाजेवर पडून ऐकत होती. ती म्हणाली, "बुधवार धरा. बुधवारपर्यंत बघते मी."

रेवजीदादाने बुधवार धरला.

मंगळवारी मी गेलो तेव्हा तिने मला जवळ बसवलं. तिचा हात हातात घेतला तर लाकडासारखा होता. ती म्हणाली, "दलसिंग, मणिबेलीत माझी आई गेली तेव्हा ढोल नर्मदेच्या पलीकडे ऐकू गेला होता. होड्या भरून माणसं आली. माझा तसा वाजव. कंटाळून सोडू नको मधेच."

"वाजवीन."

"भिलाला ऐकू जाणार नाही. तो फार लांब आहे. त्याला फोन करा." मग रेवजीदादाकडे बघून म्हणाली, "आणि हे म्हातारं रडेल. त्याला रडू द्या. याला कोणी गप्प करू नका."

रेवजीदादा म्हणाला, "बडबड करते नुसती." आणि बाहेर जाऊन शेळीला पाला टाकायला लागला.

बुधवारी सकाळी वाघदेवाकडे निघायची तयारी चालली होती. मी ढोल उन्हात ठेवून कातडं तापवत होतो. पोरं बैलांची शिंगं रंगवत होती. रेवजीदादा अंघोळ करून, नवीन धोतर नेसून, कोंबडा काखेत घेऊन पुढे गेला होता. तेवढ्यात रमिलाबाई आली. रमिलाबाई त्यांची शेजारीण, विधवा, माझ्याच वयाची. ती माझ्यापाशी खाली बसली आणि हळू म्हणाली, "गेली."

मी ढोलाची दोरी खांद्यावर घेतली. आमच्यात यात विचार करायचा नसतो. पहिली थाप पडेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही असा बापाने घालून दिलेला नियम.

अंगणात जालमसिंग समोर आला. त्याच्यामागे मगन आणि टोळीचे आठ-दहा गडी. दिनेशही होता. रमिलाबाईने त्यांना सांगितलं नव्हतं, पण जालमसिंगची बायको घरातच होती. तिने तोंडात पदर कोंबून घेतला होता आणि दार लावून दारालाच टेकून उभी होती.

"काका, खाली ठेव," जालमसिंग म्हणाला.

"तुझी आई गेलीय."

"ढोल वाजला का?"

"वाजवायलाच उठलोय."

"वाजला नाही ना? मग गेली नाही." तो दोन पावलं पुढे आला. "नियम तुझाच आहे काका. ढोल वाजल्याशिवाय कोणी मरत नाही. आज दिवाळी होऊ दे. उद्या ट्रक येतोय."

मी मगनकडे बघितलं. मगन जमिनीकडे बघत म्हणाला, "नियमात बसतं खरं."

"आणि रेवजीदादा?" मी म्हणालो. "त्याच्या हाताने देवाला कोंबडा द्यायचा. घरात मढं ठेवून?"

"त्याला माहीत नाही तोवर त्याचा हात चांगलाच आहे," मगन म्हणाला. "कळलं तर विटाळ."

रमिलाबाई म्हणाली, "तुम्हाला सगळं कळतं रे कारभारी. मढ्याच्या नाकाला सूत धरायचं कळत नाही तेवढं." पण तीही बसूनच राहिली. तिची मुलगी आणि जावई टोळीत होते.

मी दिनेशकडे बघितलं. त्याच्यामागे आमच्या ओट्यावर आशा बसली होती, आणि तिच्याजवळ दोन गाठोडी, भांडी, गुंडाळलेलं प्लास्टिकचं छप्पर बांधून ठेवलेलं होतं. मला कोणी धमकी दिली नाही. मारलं नाही. मी ढोल घेऊन वाघदेवाकडे गेलो आणि नाचाची चाल धरली.

रेवजीदादाने पूजा चांगली केली. त्याने बावीसही कोयत्यांची नावं देवापुढे घेतली, एकही चुकलं नाही. शेवटी बायकोचं नाव घेऊन म्हणाला, हिला सोडव, फार त्रास नको देऊ. मग नारळाचा तुकडा आणि शिजवलेले दोन घास तांदूळ पळसाच्या पानावर घेतले आणि भाभीला भरवायला घरी निघाला.

त्याला कोणी थांबवलं नाही. दारातली सून बाजूला झाली.

आम्ही नाचत होतो. म्हणजे ते नाचत होते आणि मी वाजवत होतो. ऊन डोक्यावर होतं. बायकांनी कमरेला हात घालून रांग धरली होती. थोड्या वेळाने रेवजीदादा दारात आला. पान त्याच्या हातात तसंच होतं, तांदळाचा एक घास कमी होता. तो घास त्याने तिच्या तोंडात घातला असणार आणि मग त्याला कळलं असणार.

तो चालत माझ्यापर्यंत आला. नाचणारे बाजूला झाले पण थांबले नाहीत. तो म्हणाला, "दलसिंग, चाल बदल."

मी वाजवत राहिलो.

"दलसिंग, चाल बदल रे."

माझे हात चालू होते. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, ढोलाच्या कडेकडे बघत होतो. तिसऱ्यांदा त्याने काही म्हटलं नाही. जालमसिंग आला आणि बापाच्या काखेत हात घालून त्याला घराच्या दारापर्यंत सोडून आला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हाताऱ्याला दिवाळीची जास्त झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. सामान चढलं, लहान पोरं चढली, शेळ्या चढल्या. रेवजीदादा ट्रकपाशी येऊन उभा राहिला. रात्रभर तो तिच्याजवळ बसला होता. जालमसिंग केबिनपाशी माणसं मोजत होता.

"चार माणसं दे," रेवजीदादा म्हणाला. "दुपारपर्यंत. नुसतं उचलायला."

"आबा, उचललं की रडारड होईल. रडारड झाली की ढोल आला."

"रडत नाही आम्ही."

"तुम्ही नाही रडणार. पण मामा? मामाला बोलवावं लागेल, तो विचारेल कधी गेली. काय सांगू?" जालमसिंगने डोळे पुसले. "होळीला आम्ही सगळे येतो. होळी झाली की ढोल वाजवू, मामाला बोलवू, सगळं रीतीने करू. बोकड कापू. तोवर तिला शेतात ठेवा. आणि कोणी विचारलं, नर्सबाई, मामा, कोणीही, तर सांगा आमच्याबरोबर गेली. तिकडे मोठा दवाखाना आहे म्हणून नेली."

"बाकीचे वेगळं बोलले तर?"

"सगळे तेच सांगतील. ठरलंय आमचं."

ड्रायव्हर शहाद्याकडचा. तो स्टेअरिंगवर बसून बिडी ओढत होता. अहिराणीत म्हणाला, "बठ्ठा चढा बरं. उशीर व्हई ऱ्हायना. तो बुढा काबर रडी ऱ्हायना?"

"बाप आहे माझा," जालमसिंग म्हणाला. "आम्ही चाललो म्हणून."

तो घराकडे गेला. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत गेला नाही. आत गेलं तर मढं बघितलं असं होतं, आणि मढं बघितलेल्या माणसाने शीव ओलांडायची नाही. बाकीच्यांनीही त्याच कारणाने त्या घराकडे पाठ केली होती. आशाने जाताना माझ्या पाया पडून विचारलं, "आबा, ढोल नाही ना वाजवणार?" मी नाही म्हणालो.

ट्रक गेल्यावर पाड्यात म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी आणि कुत्री उरली. रेवजीदादा सरळ माझ्या घरी आला.

"आता वाजव."

"दादा, पलीकडच्या पाड्याला ऐकू जातं. तिथला कोणीही सालईखाली जाऊन फोन लावेल. ट्रक अजून घाटात असेल. सगळ्यांना फिरावं लागेल."

"फिरू दे."

"जागा जाईल."

"तिने तुझ्याकडून शब्द घेतला होता."

"घेतला होता," मी म्हणालो.

पुजाऱ्याने ढोलाला हात लावायचा नाही, त्याचा हात देवाचा. तरी रेवजीदादा पुढे झाला आणि खुंटीवरची ढोलाची काठी काढली. मी त्याच्या हातातून ती घेतली. घ्यायला जोर लागला नाही. दोन दिवस तो जेवला नव्हता. तो खाली बसला. मी काठी घरात नेऊन कणगीमागे ठेवली.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघांनी तिला हलवलं. रेवजीदादा, मगन, रमिलाबाई आणि मी. आमची मसणवट ओढ्याच्या पलीकडे आहे, पण तिथे ढोलाशिवाय जाता येत नाही. म्हणून रेवजीदादाच्या उतारावरच्या शेतात, तुरीच्या दोन ओळींमध्ये, पहारीने खणलं. बाज उचलायला जमेना, तेव्हा दोरी लावून ओढली. उतारावर ती एकदा सुटली आणि बांधाला जाऊन थटली. अंग आता नीट राहिलं नव्हतं. मगन नाकाला फडकं बांधून होता. रमिलाबाईने भाभीची बांगडी काढली नाही, केस विंचरले नाहीत, कपाळाला काही लावलं नाही, कारण ते मेलेल्या बाईचं करतात.

माती लोटताना रमिलाबाई म्हणाली, "ढोल नाही तर मेली नाही. मग आपण जितं माणूस पुरतोय म्हणायचं."

"गप्प बस," मगन म्हणाला.

"मी कुठे काही म्हणतेय? तुझाच नियम."

रेवजीदादा रडला नाही. त्याने वरचे दगड वेचून बाजूला फेकले, पाय फिरवून माती सारखी केली आणि आम्हाला म्हणाला, "इथे काही ठेवू नका."

पंधरा दिवसांनी नर्सबाई आल्या. सुनिताताई. दर महिन्याला डोंगर चढून येतात, चांगल्या आहेत. त्यांच्याकडे वही होती, त्यात घराघरातून कोण बाहेरगावी गेलंय ते लिहायचं होतं. त्यांनी रेवजीदादाला विचारलं, "फुलवंतामावशी कशी आहे?"

"टोळीबरोबर गेली."

"अशा तब्येतीत?"

"मुलगा म्हणाला, तिकडे मोठा दवाखाना आहे."

त्यांना पटलं नसावं. त्यांनी मगनला विचारलं, मला विचारलं, रमिलाबाईला विचारलं. आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यांनी लिहिलं, स्थलांतरित. रेवजीदादा मन लावून बघत होता. त्याला वाचता येत नाही. त्याने विचारलं, "लिहिलं का, जालमसिंगबरोबर गेली म्हणून?" त्या म्हणाल्या, "लिहिलं." तो म्हणाला, "मुलाचं नाव पण लिहा." त्यांनी ते लिहिलं.

त्यानंतर तो ज्याला त्याला सांगायला लागला. मोलगीच्या बाजारात, पलीकडच्या पाड्यात, कोणी विचारो न विचारो. फुलवंता टोळीबरोबर गेली. जालमसिंगने नेली. भिलाचा फोन आला तेव्हा मी सालईखाली रेवजीदादाजवळ होतो. तो मोठ्याने बोलला, "हो, मुलाने हात धरून ट्रकमध्ये बसवली. होळीला येईल. ये तू." मला वाटलं, म्हातारा आता सरळ झाला, पाड्याची बाजू राखतोय. मगनलाही तसंच वाटलं. तूर निघाल्यावर रेवजीदादाने शेत नांगरलं, एकदा उभं आणि एकदा आडवं. होळीआधी नांगरायची आमच्याकडे रीत नाही. आम्ही म्हटलं, एकटा आहे, काहीतरी करतो.

होळीच्या दोन दिवस आधी टोळी आली. माणसं वाळून काळी झाली होती, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे, पण सगळी आली. दिनेशने माझ्यासाठी चादर आणली होती. जालमसिंग बापाच्या पाया पडला. रेवजीदादाने त्याला जवळ घेतलं नाही, ढकललंही नाही. नुसता त्याच्या मागे बघत राहिला, जसं कोणी अजून चढ चढून यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिला आला. हातात लुगड्याची पिशवी. पाडा सगळा अंगणात होता, होळीचा बांबू आणायची बोलणी चालली होती. भिलाने सगळ्यांना रामराम केला, पाणी प्यायला आणि विचारलं, "बहीण कुठंय?"

रेवजीदादा म्हणाला, "जालमसिंगला विचार. त्याने नेली होती."

जालमसिंग बापाजवळ वाकून हळू म्हणाला, "आबा, आता राहू दे. सगळे आलेत. होळी झाली की सांगू मामाला."

"काय सांगू?" रेवजीदादाचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "मी तुझ्याकडे माणूस दिलं. सगळी टोळी परत आली. माझी बायको कुठंय?"

भिला उठून उभा राहिला.

"मामा," जालमसिंग म्हणाला, "याहा दिवाळीच्या दिवशीच वारली. इथेच. घरात."

"मला फोनवर सांगितलं, तू नेली."

"ते असंच सांगायचं ठरलं होतं."

"कोणाचं?"

जालमसिंगने टोळीकडे बघितलं. बावीस नवरे आणि बावीस बायका. एक जण जरी म्हणाला असता की हो, दिवाळीला वारली, तर त्याचा अर्थ आम्ही मढ्यावर नाचलो, सुतकात कोयता धरला. मग आसपासच्या पाड्यांनी आमच्याकडे पाणी प्यायलं नसतं, आमच्या पोरींना कोणी मागणी घातली नसती. कोणी तोंड उघडलं नाही. जालमसिंगची बायको आत निघून गेली.

भिला माझ्याकडे वळला. "दलसिंग. दिवाळीच्या दिवशी कोणती चाल वाजवलीस?"

"नाचाची."

"त्यानंतर मरणाची वाजवलीस?"

"नाही."

"मग माझी बहीण मेली नाही." तो जालमसिंगकडे बघत होता. "नर्सबाईच्या वहीतही तू नेल्याचं लिहिलंय. मी खाली त्यांना विचारूनच आलो. उसात मेली का? वाटेत टाकलीस का? आजारी बाई ओझं झाली असेल. सांग, मी मारत नाही तुला."

"मामा, शेतात पुरलीय तिला. दाखवतो."

"दाखव."

"मी नव्हतो तेव्हा. या लोकांनी पुरली. मगनकाका, सांग ना."

मगन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तो म्हणाला, "मला काही माहीत नाही बाबा. मी आजारी होतो तेव्हा."

रमिलाबाई म्हणाली, "मलाही नाही. जितं माणूस कोण पुरतं?"

जालमसिंग बापासमोर गुडघ्यांवर बसला. "आबा, सांग."

रेवजीदादा म्हणाला, "खण. सापडली तर मी खोटा."

त्याने खणायला घेतलं. उतारावरचं ते शेत एकराच्या वर आहे. नांगरलेलं, सगळीकडे सारखं. भिला बांधावर लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि रेवजीदादा त्याच्या शेजारी. जालमसिंग कमरेइतका खड्डा घ्यायचा, काही लागलं नाही की दुसऱ्या ठिकाणी जायचा. टोळीतला कोणी पहार घेऊन उतरला नाही. दिनेश एकदा उठला होता, आशाने त्याचा हात धरून बसवला. दुपारी बायकोने पाणी नेलं, ते त्याने डोक्यावर ओतून घेतलं.

ऊन कलल्यावर मी तिकडे गेलो. सात खड्डे झाले होते. त्याच्या तळहातांची कातडी निघून पहारीला लागली होती. तो मला बघून वर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"काका, तू तरी सांग. तुला माहीत आहे. माझी आई आहे ती."

बांधावरून रेवजीदादा माझ्याकडे बघत होता. दिवाळीला जसा बघत असेल तसाच, पण या वेळी त्याने काही मागितलं नाही.

जालमसिंग तिच्यावरच उभा होता. त्याचा डावा पाय जिथे होता, साधारण तिथे तिचं डोकं असेल.

मी म्हणालो, "आठवत नाही रे."

त्याने थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पहार उचलली, दहा पावलं पुढे गेला आणि आठवा खड्डा खणायला लागला.